‘मुलं पळवणाऱ्या’ बाईबरोबर मेळघाटात

आमच्या तपासणीच्या नंबरवर लोक दिवसभर काही ना काही पाठवत असतात. हे खरं आहे का, हे औषध चालतं का, हा फोटो आपल्याकडचा आहे का. बहुतेकांच्या शेवटी हात जोडल्याचं चिन्ह असतं. त्या सकाळी आलेल्या मेसेजमध्ये असं चिन्ह नव्हतं. लिहिलं होतं, “मुलं पळवणारी म्हणून ज्या बाईचा व्हिडिओ फिरवून राहिले, थे बाई मी आहे. मी लपलो नाही. अकोल्यात राहतो. येऊन तपासा.” खाली नाव होतं निर्मला तायडे, आणि घराचा पूर्ण पत्ता.

‘राहतो’ वाचून मला आधी वाटलं, कुणी पुरुष थट्टा करतोय. वऱ्हाडात बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात हे पुण्यात बसून मला ठाऊक नव्हतं.

तो व्हिडिओ आमच्याकडे आधीच आला होता. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. मातीच्या रस्त्यावर पांढरी गाडी उभी आहे. साठी उलटलेली, चष्मा लावलेली एक उंच बाई रडणाऱ्या मुलीला दंडाला धरून मागच्या सीटवर ढकलते, दार लागतं, गाडी निघून जाते. वर भीतीदायक संगीत. एका ठिकाणी खाली लिहिलेलं, ‘पातूरजवळ टोळी पकडली’. दुसऱ्या ठिकाणी तोच व्हिडिओ चिखलदऱ्याचा होता, तिसरीकडे वलगावचा.

आमचा गट मूठभर माणसांचा आहे. कुठल्या पक्षाचा नाही, कुठल्या वाहिनीचा नाही. आमचं बरंचसं काम खुर्चीवर बसून होतं. व्हिडिओची एकेक चौकट वेगळी काढायची, ती आधी कुठे दिसली आहे का ते इंटरनेटवर शोधायचं. पुष्कळदा कळतं की दंगल म्हणून फिरणारं चित्र दुसऱ्याच देशातलं, दहा वर्षांपूर्वीचं आहे. या व्हिडिओची जुनी प्रत कुठेच सापडली नाही. म्हणजे तो नवा होता, इथलाच होता, आणि त्यातली मुलगी आत्ता कुठेतरी होती. फोनवर बोलून काम भागेल असं आमचे संपादक म्हणाले. मी नाही म्हटलं. ज्या बाईवर आरोप आहे तिच्याशीच फोनवर बोलून आम्ही निकाल देणार असू, तर आमच्यात आणि फॉरवर्ड करणाऱ्यांत फरक काय? शिवाय त्या आठवड्यात ‘टोळीला पाठीशी घालता का’ म्हणून आम्हालाही शिव्या येत होत्या, आणि मी चिडलेली होते. मी तिकीट काढलं.

अकोला

स्टेशनवरून घेतलेल्या ऑटोच्या चालकानं पहिल्याच सिग्नलला मला फोन दाखवला. “मॅडम, घरी लहान पोरं असन तं सांभाळा.” तोच व्हिडिओ. कुणी पाठवला असं विचारलं तर तो म्हणाला, सगळ्यांकडेच आहे. ज्या घरी तो मला सोडत होता तिथंच ती बाई राहते हे त्याच्या गावीही नव्हतं.

निर्मलाताईंनी दार पूर्ण उघडलं आणि समोरच्या गॅलरीकडे बघत मोठ्यानं सांगितलं, तपासणीवाल्या आल्या पुण्याहून. समोरचं दार लोटलं गेल्याचा आवाज आला. त्यांच्या भावानं त्यांना महिनाभर नागपूरला जाऊन राहायला सांगितलं होतं. त्या गेल्या नव्हत्या. उलट रोज ठरल्या वेळी भाजी आणायला जात होत्या, आणि भाजीवालीनं तोंड फिरवलं तर तिच्याच पुढ्यात उभ्या राहून वांगी निवडत होत्या.

जेवायला पातोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर होती. बेसनाच्या वड्या आणि त्यावर लालभडक तर्री. आमच्याकडच्या पाटवड्या याच्या लांबच्या, मवाळ बहिणी म्हणायच्या. दुसऱ्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“रडून राहिली काहून वो?” निर्मलाताई म्हणाल्या. “मी काही तुले गाडीत नाई टाकलं.”

मी हसले, आणि आमच्यातलं अवघडलेपण संपलं.

त्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासायच्या कामावर होत्या. नोकरीची बरीच वर्षं मेळघाटात गेली. निवृत्त झाल्यावर अकोल्यात घर केलं, पण वरच्या गावांतून निरोप येणं थांबलं नाही. कुणाचा डोळा लाल झाला, कुणाला दिसेनासं झालं की फोन. मग त्या अमरावतीला जातात, वलगावच्या बंडूभाऊंची गाडी घेतात आणि पेशंटला खाली शहरातल्या डॉक्टरकडे आणतात. त्या दिवशी रोशनी नावाच्या मुलीच्या डोळ्यात बांबूची कुसळं गेली होती. पोर दुखण्यानं आणि भीतीनं ओरडत होती, गाडीत बसायला तयार नव्हती. “मंग काय करू? डोळा जाऊ देऊ?” मुलीची आई सुगंती आधीच गाडीत बसली होती, असं त्या म्हणाल्या.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की तुमचंही म्हणणं तपासावं लागेल. मुलीची आई, डॉक्टर, गाडीवाला, पोलीस, सगळ्यांना मी वेगवेगळं विचारणार. तुमच्या सांगण्यात खोट निघाली तर तेही छापणार.

“मंग? म्हणूनच तं बोलावलं,” त्या म्हणाल्या. “तू मायी बाजू घ्यायले आली असती तं चहा पाजून वापस पाठवली असती.”

पातूर

आम्हाला सापडलेल्या सर्वांत जुन्या प्रतीवर पातूरचं नाव होतं, म्हणून आधी तिकडे गेले. अकोल्याहून एसटीनं फार लांब नाही. पहाटे स्वेटर घालून निघाले आणि पोचेपर्यंत ऊन असं तापलं की स्वेटर पिशवीत कोंबावा लागला. गावाजवळ जुनी लेणी आहेत. एरवी मी ती आधी पाहिली असती. पण मी डोंगराच्या कडेचे फोटो काढत होते. व्हिडिओत गाडीमागे सागाची दाट झाडी दिसते, आणि त्यावर उंटाच्या पाठीसारखी दोनदा वर येणारी टेकडी. इथं तसं काहीच नव्हतं.

एखादं मूल हरवल्याची तक्रार आहे का हे पोलीस ठाण्यात विचारायचं होतं. शाळेवरून जाताना मी एका मुलीला ठाण्याचा रस्ता विचारला. तिनं हात करून दाखवला. मी थँक्यू म्हणून तिच्या खांद्यावर थोपटलं, आणि मागून आवाज आला, “ए बाई, थांब.”

बघता बघता माझ्याभोवती माणसं उभी राहिली. अनोळखी बाई, पाठीला मोठी पिशवी, हातात फोन, शाळेजवळ फोटो काढतेय, पोरीशी बोलतेय. व्हिडिओनं त्यांना जे शिकवलं होतं त्यात मी चपखल बसत होते. एक आजीबाई विचारत होत्या, कोणत्या गावची तू, पोरीला काय म्हणत होतीस. मी ओळखपत्र काढलं. एकानं ते उलटंपालटं केलं आणि म्हणाला, “असं कार्ड झेरॉक्सच्या दुकानात बनते.” त्याचं खोटं नव्हतं. बनतंच. कुणीतरी माझ्या पिशवीचा पट्टा धरला.

पळावंसं वाटत होतं आणि पळाले तर काय होईल हेही कळत होतं. अशा अफवांवरचे किती लेख मी स्वतः लिहिले होते, पण वर्तुळाच्या आत उभं राहून गर्दी कधी पाहिली नव्हती. आतून पाहिलं तर एकेक चेहरा साधा असतो. कुणाचा तरी बाप, कुणाची तरी आजी. त्यामुळे भीती कमी होत नाही.

मी शाळेच्या ओट्यावर बसले आणि म्हटलं, “पोलिसांना बोलवा. ते येईपर्यंत मी इथून हलत नाही. पिशवीला हात लावायचा नाही.” पट्टा धरणाऱ्यानं पट्टा सोडला. महिला पोलीस आली आणि मला ठाण्यात घेऊन गेली. निम्मी गर्दी मागोमाग आली. जायचं होतं तिथंच मी पोचले, फक्त वरात घेऊन. ठाण्यातल्या साहेबांनी माझ्या कार्यालयात फोन लावून खात्री केली. मग मी माझा प्रश्न विचारला. त्यांनी सांगितलं, इथं कुठलंही मूल हरवलेलं नाही, कुठली टोळी पकडलेली नाही, आणि ते तुम्ही आमच्या नावानिशी छापा. गर्दीतल्या लोकांनीही ते दारातून ऐकलं. कुणी माझी माफी मागितली नाही. आजीबाईंनी मात्र नेमका प्रश्न विचारला, “मंग व्हिडिओतली पोरगी कोनाची हाय?”

तेच शोधतेय, असं मी त्यांना सांगितलं.

अमरावती आणि वलगाव

अकोल्याला परतून मी निर्मलाताईंना सोबत घेतलं. अमरावतीत उतरल्यावर त्यांनी आधी मला गिला वडा खायला घातला. उडदाच्या डाळीचा मऊ वडा, वर दही आणि चटण्या. पुण्यात याला कुणी दहीवडा म्हणेल आणि अमरावतीकराचा कायमचा शत्रू होईल.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतलं, पण रोशनीबद्दल एक शब्द सांगितला नाही. पेशंटची माहिती आईच्या परवानगीशिवाय देता येत नाही म्हणाले. निर्मलाताईंना ते इतकी वर्षं ओळखत होते, तरीही नाही. मला त्यांचा राग आला नाही. सगळ्यांनीच आपापल्या कामात असा ताठपणा ठेवला असता तर मला हा प्रवास करावा लागला नसता.

आता वर जाणं भाग होतं. आम्ही वलगावला बंडूभाऊंच्या घरी गेलो. अंगणात गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. व्हिडिओ फिरायला लागल्यावर परतवाड्याच्या रस्त्यावर एका फाट्यावर लोकांनी ती अडवली, पुढची काच फोडली, त्यांना बाहेर ओढलं. गाडीत तेव्हा पेशंट नव्हता, ते एकटेच होते. कपाळावरची खूण अजून ओली दिसत होती. नवी काच बसवून आणल्यापासून त्यांनी गाडी बाहेर काढली नव्हती. रंग बदल, असा सल्ला ओळखीच्या लोकांनी दिला होता. तो त्यांनी ऐकला नाही, पण निर्मलाताईंनाही ते नाहीच म्हणाले. घरच्यांना शब्द दिलाय, मेळघाटचं भाडं आता घेणार नाही.

निर्मलाताईंनी आग्रह केला नाही. “बरं बापा, आमी एसटीनं जातो,” असं म्हणून त्या पिशवी उचलून चालायला लागल्या. मीही मागोमाग. भर दुपारी, डांबरी रस्त्यावरून, एका बाजूला वेचणीला आलेला कापूस, दुसऱ्या बाजूला तूर. बसथांब्यावर पोचतो न पोचतो तोच मागून हॉर्न वाजला. बंडूभाऊ आमच्याकडे न बघता म्हणाले, “बसा. एसटी गावात कुठी जाते?”

काच फोडली तो फाटा त्या दुपारी रिकामा होता. परतवाडा गेल्यावर रस्ता चढायला लागतो. कापूस मागे पडतो, साग सुरू होतो, काचेतून गार वारा येतो. एका वळणावर गवळ्याच्या टपरीत आम्ही रबडी खाल्ली. दुधाला इतकी चव असते हे पिशवीतलं दूध पिणाऱ्या माणसानं एकदा येऊन पाहावं. तिथं बसलेल्या दोघांनी निर्मलाताईंकडे निरखून पाहिलं. त्यांनी द्रोण मांडीवर ठेवून चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि त्या दोघांकडे तितकंच निरखून पाहिलं. दोघांनी मान फिरवली.

वरचं गाव

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांना पुरेसा मनस्ताप झाला आहे.

कोरकू आदिवासींचं गाव. समोरासमोर घरांच्या दोन सरळ रांगा, मध्ये रुंद रस्ता, भिंती शेणमातीनं सारवलेल्या. गाडी थांबताच मी फोनमधल्या चौकटी उघडल्या. हातपंप होता. कलता विजेचा खांब होता. दुकानाच्या पत्र्याच्या पाटीचा डावा कोपरा मुडपलेला होता, व्हिडिओतल्यासारखाच. मी मागे मागे सरकत गेले, एका ओट्याला पाठ टेकली, फोन वर धरला आणि पाहिलं. उंटाच्या पाठीची टेकडी पडद्यावर आणि पडद्यामागे एकावर एक बसली. व्हिडिओ याच ओट्यावरून काढला होता. पातूरमध्ये नाही, वलगावात नाही. इथं.

तो ओटा गावातल्या दुकानदाराचा, हिरालालचा निघाला. व्हिडिओ त्यानंच काढला होता, आणि ते सांगताना त्याची मान खाली होती. रोशनीचे वडील बांधकामावर बाहेरगावी गेले आहेत. मुलीला दवाखान्यात नेतायत हे त्यांना दिसावं म्हणून त्यानं तो काढून, रेंज मिळाल्यावर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुणी उचलला, कुणी कापला, त्याला माहीत नव्हतं. मूळ व्हिडिओ आहे का विचारलं. होता. फोनमध्ये, काढल्या दिवसाच्या तारखेसह.

आम्ही सगळे त्या छोट्या पडद्यावर वाकलो. मूळ व्हिडिओ कितीतरी मोठा होता. सुरुवातीला एक तरुण बाई कडेवरचं तान्हं मूल सासूकडे देते, पदर खोचते, पलीकडच्या दारानं गाडीत बसते आणि आतून हात पसरते. मग निर्मलाताई रडणाऱ्या रोशनीला दंडाला धरून गाडीकडे नेतात. आतल्या अंधारात, माहीत असलं तरच दिसतील असे आईचे हात तिला ओढून घेतात. संगीत नाही. आईचा आवाज ऐकू येतो, ती मुलीला समजावतेय. फिरणारा व्हिडिओ सुरू होत होता तो आई गाडीत दिसेनाशी झाल्यावर, आणि तिचा आवाज संगीताखाली गाडला होता.

सुगंती माझ्या शेजारी उभी राहून दोन्ही व्हिडिओ बघत होती. कापलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला. तिनं तो परत लावायला सांगितला, मग पुन्हा एकदा. तिला मराठी कमी येतं, हिंदी येतं.

“मैं थी ना गाडी में,” ती म्हणाली. “मेरेकू काहेको काटा?”

रोशनी आईच्या मागे उभी होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं मला तपासत. डोळा वाचला होता.

मी सुगंतीला सांगितलं, की मूळ व्हिडिओ आम्हाला दाखवायचा आहे, पण मुलीचा चेहरा झाकून. तुझाही झाकू. तिनं विचार केला आणि म्हणाली मुलीचा झाका, माझा नाही. एकदा कापलं तेवढं पुरे झालं. डॉक्टरांना परवानगी द्यायला फोन लावायचा तर गावात रेंज नव्हती. शाळेमागच्या टेकाडावर एक खडक आहे, त्यावर उभं राहून हात उंच केला की एक कांडी येते. सुगंती स्पीकरवर ओरडून बोलली, मी फोन डोक्यावर धरला होता, आणि खडकावरून घसरून माझा गुडघा फुटला. पण डॉक्टरांनी सांगितलं ते नीट ऐकू आलं. आई सोबत होती, बांबूची कुसळं काढली, आणखी उशीर झाला असता तर डोळा गेला असता.

परतताना शेजारच्या पाड्यावर थांबलो. तिथल्या एका मुलाचा डोळा लाल होऊन सुजला होता. निर्मलाताईंनी बॅटरी मारून पाहिलं आणि लगेच दाखवायला हवं म्हणाल्या. त्याचे वडील हात बांधून उभे होते. त्यांनी व्हिडिओ पाहिला होता. निर्मलाताईंना ते लहानपणापासून ओळखत होते, त्यांचा स्वतःचा चष्मा निर्मलाताईंनीच लावून दिलेला होता, तरी ते म्हणाले, आत्ता नको, लोक काय काय बोलतायत. निर्मलाताईंनी डोळ्यांत घालायचं औषध दिलं आणि गाडीत येऊन बसल्या. चिखलदऱ्याचा फाटा येईपर्यंत त्या हातातली बॅटरी चालूबंद करत होत्या.

पुन्हा अकोला

अमरावतीच्या लॉजवर बसून मी बातमी लिहिली. दोन्ही व्हिडिओ शेजारीशेजारी, टेकडीचं जुळलेलं चित्र, आई, डॉक्टर, पातूरचे पोलीस. दावा खोटा, असं वर ठळक. ती वाचली गेली, पुष्कळांनी पुढेही पाठवली. पण खोटा व्हिडिओ तोवर नव्या गावांची नावं लावून पुढे निघून गेला होता, आणि त्याच्या कोपऱ्यात एक शिक्का होता. अकोल्यातल्या एका मोबाईलवरच्या बातम्यांच्या चॅनेलचा. त्यांचं म्हणणं घेणं राहिलं होतं. निर्मलाताई म्हणाल्या, मी पण येतो.

त्या चॅनेलवाल्याचं नाव इथं देऊन त्याचे प्रेक्षक वाढवायची माझी इच्छा नाही. मोबाईलच्या दुकानावरची खोली, भिंतीला हिरवं कापड, गोल दिवा. माणूस सौजन्यानं वागला, चहा सांगितला. मी मूळ व्हिडिओ दाखवला. त्यानं तो पाहिला, मान डोलावली आणि म्हणाला, “मॅडम, समजा चुकीचं असन. पण लोक सावध झाले ना? नुकसान कोनाचं झालं?”

“मायं झालं,” निर्मलाताई म्हणाल्या.

उन्हासाठी डोक्यावरून गुंडाळलेली ओढणी त्यांनी सोडली. ज्या चेहऱ्यावर त्यानं कितीतरी दिवस लाल वर्तुळ काढून दाखवलं होतं तो त्याच्या समोर चहा पीत बसला होता, आणि त्यानं ओळखला नव्हता. मग त्यांनी एकेक सांगितलं. बंडूभाऊंची काच, त्यांचं कपाळ, पाड्यावरच्या पोराचा सुजलेला डोळा.

तो म्हणाला, तुमची बाजू रेकॉर्ड करतो, नीट एडिट करून टाकतो.

“कापाकापी झाली म्हणूनच इथं या लागलं. लाइव्ह घे.”

त्याच्या डोळ्यांत काय चमकलं ते मला दिसलं. व्हिडिओतली बाई, स्टुडिओत, थेट. मी निर्मलाताईंना बाजूला घेऊन सांगितलं, की हा याचाही तमाशा करेल.

“करू दे,” त्या म्हणाल्या. “मायं तोंड त्याच्या तमाशात आधीच हाये. आता आवाजबी जाऊ दे.”

हिरव्या कापडासमोर बसून त्यांनी नाव सांगितलं, मोहल्ला सांगितला, नोकरी सांगितली. खाली शेरे वाहत होते, त्यात शिव्याही होत्या. एक शेरा त्यांनी चष्मा सावरत मोठ्यानं वाचला. “‘आडनाव पाहा, मंग समजन’ असं कोनी लिहून राहिलं. पाह्यलं का? तायडे. नीट लिहून घे.” मग कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, की सोमवारी रोशनीला परत तपासायला आणायचं आहे. तीच पांढरी गाडी, तोच परतवाड्याचा रस्ता, दिवसाउजेडी. “ज्याले अडवाचं त्यानं अडवा. पन काच फोडाच्या आधी इचारा.”

जुना व्हिडिओ त्या माणसानं त्या दिवशी काढला नाही. वर फक्त ‘बाईंचा खुलासा’ असं लिहिलं. आमच्या बातमीत आम्ही तेही तसंच छापलं आहे. तो काढेपर्यंत ते वाक्य तिथं राहील.

सोमवार

माझं परतीचं तिकीट रविवारचं होतं. ते मी रद्द केलं.

सोमवारी गावातून निघताना मागे सुगंती आणि रोशनी होत्या. पाड्यावर गाडी थांबवली तर लाल डोळ्याच्या मुलाला घेऊन त्याचे वडील रस्त्यावर उभे होते. लाइव्ह पाहिलं म्हणून की दुखणं वाढलं म्हणून, ते मी विचारलं नाही. दाटीवाटीनं बसलो. घाट उतरताना रोशनीला ओकारी झाली, तीही माझ्या पिशवीवर, आणि त्या गडबडीत जरा वेळ सगळे काच फुटलेल्या त्या फाट्याला विसरले.

फाटा आलाच. चारपाच माणसं रस्त्यावर आली आणि एकानं हात वर केला. बंडूभाऊंचा हात कपाळाकडे गेला. जोरात काढू का, त्यांनी हळूच विचारलं.

“थांबव,” निर्मलाताई म्हणाल्या. “समद्या काचा खाली कर. दिसू दे.”

काचा खाली गेल्या. हात वर करणारा माणूस वाकला. पन्नाशीचा, गळ्यात दुपट्टा, दुसऱ्या हातात काठी. त्यानं निर्मलाताईंकडे पाहिलं, ओळखलं, काठी बदलून दुसऱ्या हातात घेतली. माझ्या मांडीवर फोन रेकॉर्डिंगला लावलेला होता. पातूरचा ओटा मला आठवला नाही असं मी म्हणणार नाही.

तो निर्मलाताईंशी बोलला नाही. मागे बघत म्हणाला, “हे पोरगी कोनाची?”

“मेरी,” सुगंती म्हणाली. हळू नाही, सगळ्या फाट्याला ऐकू जाईल अशी.

“आन् हा?”

मुलाच्या वडिलांनी मुलाला छातीशी धरलं. त्या माणसानं रोशनीकडे पाहिलं आणि सुगंतीकडे बोट करून विचारलं, ही तुझी कोण. पट्टी नसलेल्या डोळ्यानं रोशनीनं त्याला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. “माय,” ती म्हणाली.

तो सरळ झाला. मागच्यांना काठीनं खूण केली, बाजूला व्हा. रस्ता मोकळा झाला. बंडूभाऊंनी गिअर टाकला आणि पुष्कळ अंतर जाईपर्यंत आरशात बघत राहिले.

आसेगाव मागे पडल्यावर माझ्या तोंडून निघालं, की माफी तर मागितली नाहीच त्यानं, बंडूभाऊंचं डोकं कुणी फोडलं तेही सांगितलं नाही.

“नाई मांगली,” निर्मलाताई म्हणाल्या. “थे भांडण मी नंतर भांडतो. आज त्यानं आधी इचारलं.” त्यांनी रोशनीची सरकलेली पट्टी नीट केली आणि बंडूभाऊंच्या खांद्यावर थाप मारली. “हाक जरा बापा. डॉक्टर जेवाले निघून जाईन.”